छावणीच्या छायाचित्रात प्रतीक कुठे असते आणि कुठे नसते

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अमेरिकेच्या यादवी युद्धातील (१८६१ ते १८६५) लष्करी छावण्यांची छायाचित्रे तुम्ही प्रबंधासाठी पाहत आहात. त्यांत पाइप ओढणारे सैनिक, पत्त्यांचे डाव, कुत्री, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या बंदुका, झेंडे आणि चौकटीच्या कडेला उभे असलेले कृष्णवर्णीय नोकर तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसतात, आणि यांतील प्रत्येक गोष्टीचा ठरलेला अर्थ सांगणारी एखादी यादी तुम्हाला हवी आहे. सोबत तुम्ही वॉशिंग्टनच्या फोर्ट स्लोकमजवळ, क्वीन्स फार्म येथे असलेल्या ३१व्या पेनसिल्व्हेनिया पायदळाच्या छावणीतील १८६१ चे ते प्रसिद्ध छायाचित्र जोडले आहे. त्यात तंबूपुढे एक सैनिक, त्याची बायको आणि तीन लहान मुले उभी आहेत. त्या बाईच्या हातातील टोपली म्हणजे ‘मागे राहिलेल्या घराचे प्रतीक’ मानावे का, असे तुम्ही विचारता. त्या छायाचित्राकडे मी शेवटी येतो, कारण त्याचे उत्तर देण्यासाठी आधी बरेच काही बाजूला करावे लागेल.

अशी यादी नाही, आणि कोणी करून दिलीच तर ती तुमच्या प्रबंधाचे नुकसान करील, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे मूर्तिशास्त्र शिकलेल्या माणसाला यादीची सवय लागते, आणि तिथे ती योग्यही असते. विष्णूच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा आणि पद्म यांचा क्रम बदलला की मूर्तीचे नावच बदलते, कारण मूर्तिकार आणि भक्त दोघेही एकच शास्त्र मानत असतात. छावणीत कॅमेरा उभा करणाऱ्या माणसामागे असे शास्त्र नव्हते. त्याच्यापाशी चित्रकलेतून आलेले काही संकेत होते, गिऱ्हाइकाची मागणी होती आणि लवकर वाळणारी एक ओली काच होती. म्हणून गेली बावीस वर्षे जुन्या छायाचित्रांचे सूचीकरण करताना मी ‘ही वस्तू कशाचे प्रतीक आहे?’ हा प्रश्न आधी विचारत नाही. ही वस्तू येथे नसती तर चालले असते का, आणि ती येथे असावी असे नेमके कोणी ठरवले, हे मी आधी पाहतो. जिथे निवडीला वाव होता तिथेच अर्थ शोधण्यात काही हशील आहे.

हा वाव किती कमी होता, ते तंत्र समजून घेतल्याशिवाय कळत नाही. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ साली प्रसिद्ध केलेली ओल्या कोलोडियनची पद्धत त्या काळी सर्वत्र वापरात होती. काचेवर कोलोडियन हा चिकट द्राव ओतायचा, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्यापूर्वी, म्हणजे साधारण दहा मिनिटांच्या आत, अंधाऱ्या गाडीत किंवा तंबूत नेऊन धुवायची. प्रकाशदर्शनाला उघड्यावरही काही सेकंद लागत. त्यामुळे लढाई चालू असतानाची छायाचित्रे जवळजवळ नाहीतच, आणि छावणीची मात्र हजारो आहेत. सैनिक खांबाला, पिंपाला किंवा मित्राच्या खांद्याला टेकून उभे दिसतात, याचे पहिले कारण टेकल्याने माणूस हलत नाही हे आहे. कोटाच्या गुंड्यांमध्ये खुपसलेला हात ही अठराव्या शतकातील व्यक्तिचित्रांतून आलेली सभ्य गृहस्थाची ढब होती हे खरे, पण ती टिकली याचे श्रेय हात स्थिर राहण्याच्या सोयीलाही द्यावे लागते. पाइपचेही तसेच आहे. कुत्रा बहुतेक वेळा कोणाच्या तरी कवेत किंवा पायाशी दाबून धरलेला असतो, कारण मोकळा कुत्रा काचेवर धुरासारखा उमटतो. वाऱ्यावर असलेला झेंडाही असाच पुसट होतो. म्हणून एखाद्या छायाचित्रात झेंडा स्वच्छ दिसला, तर तो कोणीतरी ताणून धरला आहे, टांगला आहे किंवा अंथरला आहे हे लगेच ओळखावे. तिथे निवड आली, आणि तिथे थांबून पाहावे.

रंगांच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे, म्हणून तो प्रसंग सांगतो. कामाला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी एका अधिकाऱ्याच्या छायाचित्राच्या नोंदीत मी ‘कमरेला शोकदर्शक काळा पट्टा’ असे लिहिले, आणि त्यावर मृत्यू, वियोग वगैरे तीन वाक्ये रचली. पुढे वरिष्ठांनी ती नोंद शांतपणे माझ्यासमोर ठेवली. कोलोडियन निळ्या प्रकाशाला संवेदनशील असते आणि लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळे असते. त्यामुळे लाल रंग काळा उमटतो, पिवळाही गडद होतो, निळे आकाश कोरे पांढरे पडते आणि आकाशी निळी विजार फिकट दिसते. त्या अधिकाऱ्याचा पट्टा त्याच्या हुद्द्याचा किरमिजी पट्टा होता. शोकाचा तिथे काही संबंध नव्हता. तेव्हापासून कोणत्याही काळ्या गोष्टीवर अर्थ लादण्यापूर्वी ती मुळात लाल असेल का, हे मी तपासतो.

दुसरा सापळा उजव्याडाव्याचा आहे. काचेच्या नेगेटिव्हवरून कागदावर छापलेली दृश्ये सरळ असतात, परंतु सैनिक घरी पाठवण्यासाठी स्वतःची जी ॲम्ब्रोटाइप किंवा टिनटाइप (थेट काचेवर किंवा पत्र्यावर उमटवलेली) चित्रे काढून घेत, ती साधारणपणे आरशातल्यासारखी उलटी असतात. पट्ट्याच्या बकलावरील अक्षरे उलटी दिसली की हे कळते. डाव्या हातात धरलेली तलवार, छातीच्या उजव्या बाजूला ठेवलेला हात यांवरून ‘हृदयावर हात’ किंवा ‘परंपरेविरुद्ध बंड’ असले निष्कर्ष काढलेले लेख मी वाचले आहेत. काही सैनिकांना हा दोष माहीत असे आणि ते चित्र सरळ दिसावे म्हणून सामान मुद्दाम उलट्या बाजूला चढवत. हे मात्र मला फार बोलके वाटते, कारण आपण घरच्यांना कसे दिसावे याचा विचार त्या तरुणाने केला होता, याचा तो पुरावा आहे.

याच व्यक्तिचित्रांतील हत्यारांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. साध्या पायदळ सैनिकाला सरकारकडून सहसा रिव्हॉल्व्हर मिळत नसे, तरी अनेकांच्या छातीवर आडवे धरलेले रिव्हॉल्व्हर आणि कमरेला भलामोठा सुरा दिसतो. यातील बरीच हत्यारे छायाचित्रकाराच्या पेटीतील असत. एकाच छायाचित्रकाराच्या वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या हातात तेच हत्यार दिसले की शंका फिटते. छावणीसुद्धा कधीकधी पडद्यावर रंगवलेली असे. मिसूरी राज्यातील सेंट लुइस येथे बेंटन बराक्स नावाची मोठी छावणी होती, आणि तिथे इनॉक लाँग या छायाचित्रकाराकडे तंबू व झेंडा रंगवलेला एक पडदा होता. खरी छावणी बाहेर दारापाशीच असताना सैनिक आत येऊन रंगवलेल्या छावणीपुढे उभा राहत होता. या निवडीचा अर्थ मला स्वच्छ दिसतो. बाहेरची छावणी चिखलाची, अतिसाराची आणि विषमज्वराची होती, तर आईला पाठवायची छावणी नीटनेटकी हवी होती. या युद्धात उत्तरेच्या, म्हणजे गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडील बंडखोर राज्यांशी लढणाऱ्या केंद्र सरकारच्या, सैन्यातील सुमारे ३,६०,००० माणसे दगावली, आणि त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश रोगाने गेली. म्हणजे छावणी ही रणांगणापेक्षा अधिक जीव घेणारी जागा होती. छावणीच्या प्रत्येक शांत, स्वच्छ छायाचित्राकडे पाहताना हा आकडा मनात असला पाहिजे.

आता निवड निर्विवाद आहे असे एक उदाहरण घेऊ. अँटिटमची लढाई १७ सप्टेंबर १८६२ रोजी झाली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अध्यक्ष लिंकन तेथील छावणीत गेले आणि अलेक्झांडर गार्डनर या छायाचित्रकाराने त्यांची छायाचित्रे घेतली. त्यांपैकी एकात लिंकन आणि सेनापती मॅकलेलन तंबूत समोरासमोर बसले आहेत. टेबलावर अमेरिकेचा झेंडा टेबलक्लॉथसारखा पसरला आहे, आणि डाव्या बाजूला खाली जमिनीवर शत्रूकडून हस्तगत केलेला झेंडा चुरगळून टाकला आहे. सेनापतीच्या तंबूत झेंड्याचे टेबलक्लॉथ रोज घालत नसत, आणि युद्धात मिळवलेला झेंडा कोणी वाटेत पडू देत नाही. दोन्ही झेंडे कॅमेऱ्यासाठी मांडले आहेत, आणि त्यांचा अर्थ वर आणि खाली या दोन शब्दांत संपतो. इथपर्यंत कोणीही पोहोचेल. मला त्याहून अधिक मोलाचे वाटते ते त्या दोन माणसांमधले अंतर. मॅकलेलन शत्रूचा पाठलाग करत नाही म्हणून लिंकन अस्वस्थ होते, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी त्याला सेनापतिपदावरून दूर केले. हे माहीत असलेला आजचा वाचक त्या बसण्यात ताण पाहतो. परंतु १८६२ च्या शरद ऋतूत ते छायाचित्र कार्डावर चिकटवलेले विकत घेणाऱ्याला राष्ट्राचे दोन कर्ते पुरुष एका तंबूत दिसत होते. पहिला अर्थ आपण नंतरच्या इतिहासातून आणला आहे, दुसरा छायाचित्राबरोबर विकला गेला होता. प्रबंधात दोन्ही लिहावेत, पण ते एकमेकांत मिसळू नयेत.

पत्त्यांच्या डावांचे काय, हे परिस्थितीवर फार अवलंबून आहे. ऑगस्ट १८६४ मध्ये पीटर्सबर्गच्या वेढ्यात ११४व्या पेनसिल्व्हेनिया पलटणीचे अधिकारी तंबूंपुढे पत्ते खेळताना दाखवले आहेत. अधिकाऱ्यांच्या हाती फुरसत असणे हे त्यांच्या दर्जाचे लक्षण होते, आणि खंदक काही अंतरावर असताना आपण निवांत आहोत, असे त्यांना दाखवायचे होते. साध्या सैनिकांच्या पत्रांत आणि आठवणींत मात्र पत्ते वेगळ्याच संदर्भात येतात: लढाईला निघताना अनेक जण पत्त्यांचा जोड रस्त्याच्या कडेला फेकून देत, कारण आपले प्रेत सापडले आणि खिशात जुगाराची पाने निघाली, असे घरी कळणे त्यांना नको असे. एकच वस्तू एका हातात प्रतिष्ठा सांगते आणि दुसऱ्या हातात पाप. कोणती यादी हे सामावून घेईल? पत्त्यांची पाने कॅमेऱ्याकडे वळवून धरली असतील तर डाव चालू नाही, तो मांडला आहे, एवढे तुम्ही निर्धास्तपणे लिहू शकता.

बंदुकांच्या तिवईबद्दल मी फार वेळ घेणार नाही. तीन बंदुका संगिनींनी एकमेकींत अडकवून उभ्या करणे ही कवायतीतील नित्याची कृती होती. ओलसर जमिनीपासून हत्यार वर राहावे म्हणून ती करत, आणि ‘युद्ध संपले’ असे तिच्यातून वाचणे बहुधा चूक ठरते.

यापेक्षा कृष्णवर्णीय माणसांचा मुद्दा मोठा आहे, आणि तुमच्या यादीत तो शेवटी आला असला तरी प्रबंधात तो आधी यावा असे मला वाटते. ३१ मे १८६२ रोजी फेअर ओक्सच्या लढाईत दक्षिणेच्या सैन्यातील लेफ्टनंट जेम्स वॉशिंग्टन पकडला गेला. उत्तरेकडचा तरुण अधिकारी जॉर्ज कस्टर त्याचा लष्करी विद्यालयातील मित्र होता. जेम्स गिब्सन याने दोघांना शेजारी बसवून छायाचित्रे घेतली. एका काचेवर ते दोघेच आहेत आणि दुसऱ्या काचेवर त्यांच्या पायांशी एक कृष्णवर्णीय मुलगा बसवला आहे. दोन काचा शेजारी ठेवल्या की निवड हाताने दाखवावी इतकी उघड होते. दोन गोरे शत्रू एकमेकांचे मित्र आहेत आणि ज्याच्या गुलामगिरीवरून हे युद्ध पेटले तो त्यांच्या मध्ये जमिनीवर आहे. हे रचलेले प्रतीक आहे, आणि ते त्या मुलाला विचारून रचलेले असण्याचा संभव नाही.

मथळा हीसुद्धा निवडच असते. वर्तमानपत्रांना त्या काळी छायाचित्र जसेच्या तसे छापता येत नव्हते. त्यावरून लाकडी ठसा कोरला जाई, किंवा कार्डावर चिकटवलेली प्रत मथळ्यासह विकली जाई. गार्डनरने १८६६ साली १०० छायाचित्रांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यात नोव्हेंबर १८६२ मधील वॉरंटन येथील छावणीचे एक चित्र आहे. अधिकारी तंबूबाहेर बसले आहेत आणि जॉन हेन्री नावाचा कृष्णवर्णीय नोकर त्यांना खाणेपिणे देत आहे. सोबतचा मजकूर त्या माणसाची टिंगल करतो. मजकूर झाकून फक्त चित्र पाहिले, तर तिथे कामात गुंतलेला एक माणूस दिसतो. मजकूर वाचला की तो विनोदाचा विषय होतो. त्यामुळे तुम्ही वापरलेल्या प्रत्येक छायाचित्राचा मथळा कोणी आणि केव्हा दिला, याची वेगळी नोंद ठेवा. आजच्या संग्रहालयाने दिलेले शीर्षक, काचेच्या कडेवर खरडलेले शब्द आणि १८६०च्या दशकातील छापील मजकूर या तीन निराळ्या गोष्टी आहेत. कार्डाच्या पाठीवर सरकारी महसुलाचे तिकीट असेल तर काळ ठरवायला मोठी मदत होते, कारण छायाचित्रांवरील तो कर १ सप्टेंबर १८६४ पासून १ ऑगस्ट १८६६ पर्यंतच होता.

या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला कृष्णवर्णीय सैनिकांनी स्वतः काढून घेतलेली चित्रे आहेत. त्यांच्या भरतीसाठी १८६३ च्या मे महिन्यात स्वतंत्र विभाग स्थापन झाला. जुलैमध्ये फिलाडेल्फिया येथील भाषणात गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांनी सांगितले की, एकदा का कृष्णवर्णीय माणसाच्या अंगावर ‘यू. एस.’ ही पितळी अक्षरे आली, गुंडीवर गरुड आला, खांद्यावर बंदूक आणि खिशात काडतुसे आली, की त्याने नागरिकत्वाचा हक्क कमावला आहे हे जगातील कोणतीही सत्ता नाकारू शकणार नाही. ते भाषण वाचून त्या सैनिकांची चित्रे पाहा. गुंड्या आणि बकल यांवर सोनेरी रंग भरलेला आढळतो. असा रंग गोऱ्या सैनिकांच्या चित्रांतही भरत, त्यामुळे रंग स्वतः काही सिद्ध करत नाही. परंतु ज्याला कालपर्यंत मालमत्ता म्हणून मोजले जात होते, तो जेव्हा बायको आणि दोन मुलींसह गणवेशात कॅमेऱ्यासमोर बसतो, तेव्हा ती गुंडी काय म्हणते हे डग्लस यांनी आधीच सांगून ठेवलेले असते. समकालीन माणसाचा शब्द हाती असणे आणि आपण अंदाज करणे यांत हा फरक आहे. हातातील पुराव्याचा क्रम मी असा लावतो: आधी त्याच प्रसंगाच्या इतर काचा, मग त्या काळातील लिखित शब्द, मग चित्रकलेतील संकेत आणि सर्वांत शेवटी माझी स्वतःची कल्पना.

केवळ अमेरिकेपुरते पाहू नका, एवढेही सुचवतो. ब्रिटिश छायाचित्रकार रॉजर फेंटन १८५५ च्या मार्चमध्ये, रशियाविरुद्धचे युद्ध चालू असताना, क्रिमियात पोहोचला तो मद्यविक्रेत्याच्या गाडीची अंधारी खोली करून, आणि जूनपर्यंत त्याने साडेतीनशेहून अधिक छायाचित्रे काढली. आधीच्या हिवाळ्यात ब्रिटिश सैन्याचे जे हाल झाले ते वर्तमानपत्रांतून इंग्लंडभर गाजले होते. फेंटनने वसंतात आणि उन्हाळ्यात सैनिकांना लोकरी कातडी घालायला लावून ‘हिवाळी पोशाखा’ची चित्रे काढली. सैनिक ऊबदार कपड्यांत आहेत हे खरे, पण ज्या थंडीत ते कपडे लागले असते तो हिवाळा निघून गेला होता. मराठी वाचकाला जवळचा पुरावा हवा असेल तर १८६७-६८ च्या ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया) मोहिमेकडे जा. मुंबईच्या लष्कराचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली फौज मुंबईहून निघाली आणि तिच्याबरोबर लष्करी इंजिनिअरांचे छायाचित्र पथक होते. ब्रिटिश हिंदी फौजेच्या छावणीचित्रांत भिस्ती, मोतद्दार आणि खानसामे चौकटीच्या कडेला जसे उभे दिसतात, ते पाहिल्यावर जॉन हेन्री तुम्हाला परका वाटणार नाही.

आता तुमचे छायाचित्र. त्यात बाईच्या हातात टोपली आहे, नवऱ्याच्या हातात करवत आहे आणि एका मुलाने कुत्र्याचे पिल्लू धरले आहे. मागे तंबू आहे. पिल्लू धरून ठेवण्याचे कारण वर आले आहे. टोपली आणि करवत मात्र खाली ठेवता आल्या असत्या. फोटो काढायचा म्हटल्यावर माणूस हातातले काम बाजूला ठेवतो, कपडे झटकतो आणि मोकळ्या हातांनी उभा राहतो. यांनी तसे केले नाही, किंवा करू दिले गेले नाही. १८४० आणि १८५०च्या दशकांत अमेरिकेत कारागिरांची चित्रे काढण्याची एक चांगली रुळलेली रीत होती: सुतार रंध्यासह, लोहार हातोड्यासह, चांभार आरीसह बसत असे आणि आपला धंदा अभिमानाने दाखवत असे. ते चित्र त्या रीतीत बसते. शिवाय सैन्याच्या नियमांप्रमाणे दर तुकडीमागे चार धोबिणींना छावणीत राहण्याची परवानगी होती. त्यांना शिधा मिळे आणि धुण्याचे पैसे सैनिकांकडून मिळत. अनेकदा त्या तुकडीतल्याच सैनिकांच्या बायका असत. हे लक्षात घेतले तर ती टोपली मागे राहिलेल्या घराकडे बोट दाखवत नाही. घर मागे राहिलेलेच नाही, ते तंबूसमोर उभे आहे, आणि ती बाई बहुधा तिथे कमावण्यासाठी आली आहे. तिच्या बाह्या कशा आहेत, हात कसे आहेत आणि तंबूभोवती कोणती भांडी पडली आहेत, हे मोठ्या आकाराच्या प्रतीवर बारकाईने पाहा. अमेरिकेच्या काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ती प्रत विनामूल्य मिळते. पाहून झाले की टोपलीसाठी ‘प्रतीक’ हा शब्द वापरायचा की ‘अवजार’, ते तुम्हीच ठरवा. माझ्या नोंदवहीत मी ‘अवजार’ लिहीन.